सहा गुंठे आणि सव्वादोन फूट

मित्रांनो, मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. लांबी तेहतीस फूट, भाग सोळा, प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. साखळी असूनही माझा स्वभाव मात्र ताठ आहे.

लोहाराने मला कडी कडी जोडून घडवलं आणि मी जासई गावच्या, जमिनी मोजणाऱ्या मारोतीच्या हाती आले. त्याने मला भाताची खाचरं आणि मिठागरांचे बांध तुडवत फिरवलं. भांडणारे भाऊसुद्धा मी जमिनीवर पडले की गप्प बसत. त्या दिवसांत मी फार शेफारले होते, हे कबूल करते.

मग कागदावर हेक्टर आणि आर आले, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मारोतीची सून काशी मला म्हैस बांधायला काढी. पुढे म्हैस गेली, तसा तिच्या मुलाने, हितेशने, चिखलात रुतलेला टेम्पो मला लावून ओढला. तो अपमान मला अजून सलतो.

गेल्या महिन्यात काशीच्या जागेमागे कंटेनर यार्डाची भिंत घालायचं ठरलं. यार्डवाल्यांच्या महापेच्या ऑफिसातून सई नावाची इंजिनीयर आली. काशीची पट्टी तेहतीस फूट रुंद, जुन्या कागदावर सहा गुंठे. रस्त्याकडचा हद्दीचा दगड जागेवर होता, मागचा यार्डाच्या भरावाखाली गाडला गेला होता. सईने पुढच्या दगडापासून टेप लावली आणि मागे खुंटी ठोकली. ती नेमकी काशीच्या संडासाच्या मधोमध आली!

"इथून भिंत जाईल, आजी. अर्धा संडास पाडावा लागेल," सई म्हणाली.

काशीने कंबरेवर हात ठेवले. "म्हंजे बसाचा आमचे जागेन आन् पाय यार्डान?"

"सहा गुंठे म्हणजे सहा आर, सहाशे चौरस मीटर. सगळे तसंच धरतात."

"सगले धरतान ते धरूं दे. थांब, तुला गुंठा दाखवतंय." काशी माळ्यावर चढली आणि मला खाली घेऊन आली. "एक साखली अशी, एक साखली तशी, मधी जो चौकोन, त्यो गुंठा. असं सहा मोज."

मित्रांनो, किती वर्षांनी मी ऐटीत जमिनीवर पसरले! सहा वेळा पडले, संडास ओलांडून भरावात जाऊन थांबले. हितेशने तिथे पहारीने खणलं. निघालं काय, तर गुटख्याच्या पुड्या. दगडाचा पत्ता नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सईने माझ्या अंगाला टेप लावली. "आजी, तुमची साखळी दोन इंच वाढलीय."

कड्या झिजतात, मित्रांनो. त्यात तो टेम्पो. माझं तोंड काळंठिक्कर पडलं, तसं ते गंजाने आधीच होतं.

पण सईने मोबाइल काढून हिशोब मांडला आणि तिचाच चेहरा उतरला. "खरे तेहतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. म्हणजे गुंठा शंभर नाही, एकशे एक चौरस मीटरच्या वर जातो. सहा गुंठे सहाशे सात. सात चौरस मीटर मीच खाल्ले."

"खाऊन खाऊन संडास खाल्लास, बाय?" काशी म्हणाली. सईलासुद्धा हसू आवरेना.

त्या सात चौरस मीटरांपायी सईच्या मापात पट्टीची लांबी सव्वादोन फूट कमी पडली होती, माझ्या मापात एक फूट जास्त. सहा वेळा दोन इंच वजा करून हितेशने एक फूट अलीकडे पहार मारली. ठण्ण! मारोतीने पुरलेला दगड संडासाच्या मागच्या भिंतीला लागूनच होता.

"आये, साखळीचंच धरू ना," हितेश कुजबुजला. "एक फूट एक्स्ट्रा मिळतोय."

"दगड हाय तिथंच हद्द," काशी म्हणाली. "नायतर त्यांच्यान नि आपल्यान फरक काय?" सईने खुंटी उपटून दगडापाशी ठोकली. संडास वाचला, आणि काशीने मला पुसून, तेल लावून दारामागे टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी जुनी माणसं असतील. वय झालं की ती थोडं वाढवून सांगतात, ते मला मान्य आहे. पण म्हणून त्यांना माळ्यावर टाकू नका. वाढलेलं तेवढं वजा करा आणि तिथे खणून बघा.