एका खाचेत दोन

भैयाजी मालगुजारांजवळ मत एकच होतं, पण त्याचं फळ दोघांकडून यायचं होतं. गावात सात पंच. सरपंच निवडायचा तर तिघे यादोराव पाटलाचे, तिघे टिकाराम गिरणीवाल्याचे आणि सातवे भैयाजी. तलावाचं पाणी वाटणं यादोरावाच्या हाती. तो म्हणाला, यंदा पहिलं पाणी तुमच्या धानाच्या बांधीत. मुरमाचा ठेका टिकारामाचा. तो म्हणाला, सडकेपासून तुमच्या फाटकापर्यंत मुरूम टाकून देतो. मतं चिठ्ठीनं पडायची होती. जो हरेल त्याला सांगायचं, मी तर तुझाच होतो, तुझ्याच तिघांतला एखादा फुटला. म्हणजे पाणीही येणार आणि मुरूमही. भैयाजींनी यादोरावाच्या अंगणातल्या तुळशीवर हात ठेवून वचन दिलं आणि टिकारामाच्याही. तुळशी दोन होत्या, तेव्हा बेइमानी एकीशीही झाली नाही, असं त्यांचं मत पडलं.

ही पंचावन्न सालची गोष्ट. मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली होती. उरली होती 'मालगुजार' ही हाक आणि एक मोटार, जंगल खात्याचा गोरा साहेब विलायतेला जाताना देऊन गेलेली. 'अर्जुनीला जाऊन येतो,' म्हणून भैयाजी भर दुपारी, गाव निजलेलं असताना निघत आणि कधी यादोरावाच्या गोठ्यामागं, तर कधी टिकारामाच्या खळ्यामागं थांबत. मोटार चालवायचा कवडू. हा पूर्वी त्यांचा गाडीवान होता. वळणावर अजूनही त्याच्या तोंडून 'हर्र' निघे आणि लोक हसत.

सगळं बेतानं चाललं होतं, पण मोटार गळायला लागली. जिथं दहा मिनिटं उभी राही, तिथं पापडाएवढा काळा डाग पडे.

यादोरावाची म्हातारी आई रुख्माबाई तो डाग शेणानं सारवून कंटाळली. मतदानाच्या आदल्या दिवशी तिनं भैयाजींना फाटकातच गाठलं.

"काहो भैयाजी, तुमची मोटर आमच्या घरामागंच मुतते, का आणखी कुठं जाते जी?"

भैयाजींनी हसण्यावारी नेलं. टिकारामाकडं असाच डाग आहे हे म्हातारीला कळलं, तर पाणीही गेलं आणि मुरूमही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्यांनी गोंदियाहून श्यामलाल मिस्त्रीला बोलावून घेतलं.

श्यामलालनं झाकण उघडलं. इंजिनाच्या कुशीला लोट्याएवढा फिल्टरचा डबा होता. डब्याचा काठ जिथं बसतो तिथं गोल खाच, आणि खाचेत तेल अडवणारी गास्केटची कडी. ती भाजून दगड झाली होती.

"ये देखो मालगुजारजी. ही कडी बांबूच्या काडीनं हळूहळू खरडून काढावी लागते. लोखंड लावलं तर खाच खराब होते. मग नवी बसवायची. शाम हो जाएगी."

"दोन वाजता मतं आहेत. जुनी राहू दे. वरून नवी बसव."

"एका खाचेत दोन नाही बसत."

"कायले नाही बसत? एक गळली तर दुसरी धरते. दुप्पट बंदोबस्त."

"उभ्या गाडीत चूप बसतील. चढण आली की बोलतील."

"तू मले शिकवून राहिला का?"

श्यामलालनं पाना उचलला. आधी मात्र कवडूकडं वळून म्हणाला, "सुन लिया ना भाई? मालगुजारजींनी सांगितलं, मी नाही."

नवी कडी जुन्या कडीवर बसली. इंजिन सुरू केलं, खाली पांढरं धोतर पसरलं. पाच मिनिटं एक थेंब पडला नाही. भैयाजींनी धोतर उचलून श्यामलालला दोन्ही बाजूंनी दाखवलं.

दीड वाजता यादोराव मोटारीत येऊन बसला. सरपंच होणाऱ्या माणसानं मतांसाठी शाळेपर्यंत पायी जायचं नसतं. तलावाच्या मातीच्या पाळीखाली टिकाराम छत्री घेऊन चालला होता. त्याला पाहून यादोरावाला लहर आली.

"घ्या जी त्यालाही. कोणाच्या मोटरीतून आलो ते पाहू दे."

टिकारामही आनंदानं चढला. मोटार आपल्या माणसाची, यादोराव फुकटचा बसलाय, असा त्याचा समज. मागच्या गादीवर दोघं मांडीला मांडी लावून बसले आणि एकमेकांकडं कीव केल्यासारखे हसत राहिले.

पाळीची चढण लागली. कवडूनं जोर दिला आणि करपल्याचा वास आला.

"मालक, आईल जाऊन राहिलं. थांबवू का?"

थांबवली तर डाग पडणार, आणि डाग पाहायला दोघंही मोटारीतच. भैयाजी ओरडले, "थांबू नको! चालव!"

कवडूनं चालवली. शंभर-दीडशे पावलं इंजिन कोरडं ओरडलं, मग खाडकन आवाज होऊन जागच्या जागी जाम झालं. दोघं उमेदवार खाली उतरले. मागं पाळीवर काळी रेघ होती आणि चाकांमध्ये डाग पसरत होता.

"अरे," टिकाराम म्हणाला, "असाच डाग माझ्या खळ्यामागं आहे."

यादोरावानं त्याच्याकडं पाहिलं. "तुझ्या खळ्यामागं? असाच तर माझ्या गोठ्यामागं आहे."

दोघंही भैयाजींकडं वळले. कवडूला वाटलं, विचारणं इंजिनाबद्दल आहे. तो झाकण उघडत म्हणाला, "होईलच न जी. मिस्त्री म्हणे एक काढा, तेव्हा दुसरी बसवा. मालक म्हणाले, दोन्ही राहू दे."

"असं म्हणाले?" यादोराव म्हणाला. "चाल टिकाराम, पायीच जाऊ."

पाळीवरून शाळा दिसेपर्यंत यादोराव सरपंच ठरला होता आणि टिकाराम उपसरपंच. भैयाजी तेलकट हातानं पोचले, तेव्हा चिठ्ठ्यांची गरजच उरली नव्हती. सहा हात वर होते. त्यांनी सातवाही वर केला. कोणी मोजला नाही.

मुरूम यादोरावाच्या दारापासून टिकारामाच्या खळ्यापर्यंत पडला. आश्विनात तलावाचं पाणी भैयाजींच्या बांधीत सगळ्यांच्या शेवटी आलं, तेही घोटाभर. मोटार ओढून आणायला एक बैलजोडी यादोरावानं दिली, एक टिकारामानं. भाडं दोघांनीही घेतलं. वळणावर कवडू 'हर्र' म्हणाला, तेव्हा पहिल्यांदा कोणी हसलं नाही.

श्यामलालनं बसवायची मजुरी घेतली आणि काढायचीही. गास्केट मात्र एकच लावलं बिलात.

"जुनी तो आपकीच थी, मालगुजारजी," तो म्हणाला.