खंडेनवमीला पूजेत बसलेली जोडी

मी गोलकीपरच्या हातमोज्यांची जोडी बोलतेय. डावा आणि उजवा असे आम्ही दोन, पण बोलताना एकच. सध्या माझा मुक्काम लोणावळ्याजवळच्या औंढ्याला, भिमाजी आबांच्या गोठ्यातल्या खिळ्यावर आहे. शेजारी दावं, खाली पेंडीचं पोतं. हातमोज्याचं रडगाणं ऐकायला कोणाला वेळ असतो म्हणा! पण थांबलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म जालंधरकडच्या एका कारखान्यातला. माझ्या तळव्यांना लेटेक्सचा मऊ, पांढरा थर दिलेला होता. रबरच ते, पण भलतं नाजूक. वेगात आलेला चेंडू हाताला चिकटून राहतो तो त्याच्यामुळे. त्याला कडक ऊन सोसत नाही आणि तेल म्हणजे तर त्याचं मरणच. हे सगळं माझ्या पाकिटावर छापलेलं होतं. पण पाकिटावरचं वाचायची माणसांना सवय नसते, पाकीट पहिल्याच दिवशी केरात गेलं.

पुण्यातल्या दुकानातून मला सत्यमने घेतलं. सत्यम म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा. ताडमाड उंच, बोलायला कमी. लोणावळ्याच्या शाळेत असताना कोणीतरी त्याला गोलात उभं केलं आणि तो तिथलाच झाला. पुढे पुण्याच्या एका क्लबाने त्याला करारावर घेतलं. व्यावसायिक गोलकीपर! ऐकायला केवढं भारदस्त. प्रत्यक्षात तो क्लबाचा तिसरा गोलकीपर होता. गोलात एकच माणूस उभा राहतो. पहिला खेळतो, दुसरा त्याची वाट बघतो आणि तिसरा दुसऱ्याची.

सरावाला त्याची एक जुनी जोडी होती. मी खास मॅचची. प्रत्येक मॅचआधी तो मला बाटलीतल्या पाण्याने ओली करायचा, घट्ट पट्टे आवळायचा आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसायचा. माझी सगळी उमेदीची वर्षं त्याच्या मांडीवर गेली. आपल्या संघावर गोल झाला की तो मूठ आवळायचा, मला दुखायचं. पण आपल्याला उठा म्हणणारं कोणी नव्हतं.

घरी आबांना हे काम कधी पटलंच नाही. "चेंडू अडवून कुणाचं प्वाट भरलंय व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सत्यम सुट्टीला आला की ते त्याच्याशी भातावर बोलत, पावसावर बोलत, बाजारभावावर बोलत. खेळाचं नाव नाही. सत्यमला ते लागायचं. मला कळायचं, कारण घरून परतल्यावर तो सरावात उगाच जास्त उड्या मारायचा.

गेल्या वर्षी त्याचा करार संपत आला होता. क्लबात कोवळी पोरं आली होती. आता नारळ मिळणार, हे त्याला दिसत होतं. तेवढ्यात पहिल्या गोलकीपरचा खांदा निखळला आणि दुसऱ्याला डेंग्यू झाला. मॅच दसऱ्याला होती. नवमीला क्लबाने सगळ्यांना विश्रांती दिली, म्हणून सत्यम अष्टमीच्या संध्याकाळीच घरी आला होता. रात्रीचं जेवण चाललं असताना गोलकीपरांचे प्रशिक्षक रुचिर सर यांचा फोन आला.

"सत्यम, परवा तू खेळतोयस. नीट खेळलास तर तुझ्या कराराचं मी वरती बोलतो. हीच एक संधी आहे, एवढं लक्षात ठेव."

आबा भाकरी मोडता मोडता थांबले.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. सत्यम पहाटेच धावायला बाहेर पडला होता. आबांनी विळे, कोयते, पहार, फवारणीचा पंप सगळं धुऊन पाटावर मांडलं. लोखंडाला गोडेतेलाचा हात फिरवला. मग ते उठले, सत्यमच्या पिशवीपाशी गेले आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

"आवो, त्याला इचारा तरी," रतनबाई म्हणाल्या. ही सत्यमची आई.

"इचारायचं काय त्यात? ह्ये बी अवजारच की. पोराच्या हाताचं. वहाणंला त्येल पाजलं की कशी मऊ ऱ्हाती? ह्ये बी तसंच."

आणि त्यांनी मला तेल लावलं. वरवर नाही हो, चांगलं मुरवून. एकेक बोट हातात घेऊन, तान्ह्या बाळाला चोळावं तसं. त्या खरखरीत अंगठ्याइतकी माया मला कोणीच लावली नव्हती आणि तीच माया माझा जीव घेत होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला तोंड कुठे असतं? शेवटी त्यांनी माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट ओढलं आणि मला कोयत्याशेजारी बसवलं.

सत्यम परत आला. दारातच त्याचे पाय थबकले. त्याने माझ्या तळव्यांकडे पाहिलं, ते पिवळट, तुकतुकीत झाले होते.

"उद्या सकाळी उठवायचं बरं का," आबा म्हणाले. "बसवल्यालं अवजार मधीच उचलत न्हाईत. आरं, तुजं बी अवजारच हाय. मलाच कळाया उशीर झाला, बाबा."

या एका वाक्याची त्याने किती वर्षं वाट पाहिली होती! "लय बेस केलंत, आबा," एवढंच तो म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला. मी तो दिवस आणि ती रात्र तेल पीत तशीच बसून राहिले.

दसऱ्याला सकाळी मला उठवल्यावर त्याने मागच्या मोरीत नेऊन गुपचूप धुतलं. पुन्हा धुतलं. पण मुरलेलं तेल पाण्याला दाद देईना. पापडाची लाटी तेलात मळल्यावर लागते, तसे माझे तळवे लागत होते. तेवढ्यात आबा मागून आले.

"कुकवाचं बोट पुसू नगंस. आमी दोगं बी येणार हाय बगाया. लांबनं वळखू येईल."

मैदानावर रुचिर सरांनी माझ्या तळव्यावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय लावलंयस? दुसरी जोडी घाल."

"ती फाटलीय, सर. हीच चालेल."

जुनी जोडी अंगठ्याशी उसवली होती, खोटं नाही. पण तिने वेळ निभावली असती. सत्यमने एकदा वर पाहिलं. आबांची पांढरी टोपी आणि शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या रतनबाई दिसल्या. त्याने माझे पट्टे आवळले.

तो खेळला मात्र देखणा. चेंडू धरता येणार नाही हे ओळखून तो प्रत्येक चेंडू मुठीने ठोसत होता. लोक टाळ्या वाजवत होते. एकदा आबाही उभे राहिलेले मी पाहिले. मॅच बरोबरीत संपत आली होती. शेवटी एक उंच, संथ चेंडू गोलाकडे आला. शाळेतल्या मुलानेही धरला असता असा. समोरच प्रतिस्पर्धी टपलेले होते. ठोसला असता तर थेट त्यांच्या पायात पडला असता, म्हणून धरणं भागच होतं. सत्यमने उडी घेतली, चेंडू माझ्या दोन्ही तळव्यांत आला आणि तसाच निसटून मागे गेला. टप्पा घेत, सावकाश, गोलात. मैदानभर हशा पिकला.

घरी परतताना गाडीत आबांनी विचारलं, "सुटला कसा रं?"

"ऊन आलं डोळ्यावर, आबा."

त्या दिवशी दुपारभर आभाळ भरलेलं होतं. शेतकऱ्याला आभाळ सांगावं लागतं का? पोरगं सबब सांगतंय, एवढंच आबांना कळलं.

करार गेला. त्याने दुसऱ्या क्लबांना फोन केले, पण त्या गोलाचा व्हिडिओ सगळ्यांनी हसून हसून पाहिला होता. आता सत्यम कुसगावच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. बोलणं तर आणखीच कमी झालंय.

माझा थर तडकून गळायला लागलाय. आबा कुंपणाला काटे लावताना मला घालतात. परवा शेजारचे बाजीराव आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, ह्यातनंच सुटला व्हय त्यो चेंडू?"

"ग्लोजला काय धाड भरलीया?" आबा म्हणाले. "म्या सोता पूजा केलती त्येंची. पोराच्या हातातच दम नव्हता."

सत्यम तिथेच होता, कामावरून नुकताच आलेला. बापाच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "खरं हाय. ग्लोज एक नंबर हुते. माजाच हात चुकला."

तर वाचकहो, औंढ्याच्या बाजूला कधी आलात आणि आबांनी मला दाखवून हीच गोष्ट सांगितली, तर तुम्हीही मान डोलवा. चहा पुढे आला तर घ्या. खरं सांगून सत्यमला त्याचं काही परत मिळणार नाही, आणि आबांना मात्र उरलेलं आयुष्य स्वतःच्या हातांकडे बघता येणार नाही.