बिननावाचा सर्व्हर

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात बटण अडकवणारी ती कंपनी. पडलं-झडलं, छातीत कळ आली की बटण दाबायचं, आणि इकडे कंपनीत फोन वाजायचा. फोन घ्यायला नणंद, मागची यंत्रं सांभाळायला भावजय. दोघी एकाच खोलीत, टेबलाला टेबल लावून. भावजयीला ही नोकरी नणंदेनंच लावून दिली होती, आणि ते ती ऊठसूट ऐकवायची.

कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरांत एक असा निघाला, की ज्याला नाव नाही, गाव नाही, कोणी उभा केला ते सांगायला माणूस उरला नाही. भाडं तेवढं बिनचूक जायचं. साहेबांनी टुमणं लावलं, पुसून टाका म्हणून.

भावजय जात्याच धास्तावलेली. एकदम पुसायचं नसतं एवढं तिला कळत होतं. त्याच्यावर कोण येतं-जातं ते तिनं पाहिलं, तर अधूनमधून नुसती खुटखुट. सोडून दिलेलं घर, उंदीर फिरत असतील, असं तिनं मनाशी ठरवलं. मग काल सकाळी तो नुसता बंद करून ठेवला. ज्याचा असेल तो बोंबलत येईल, मग चालू करू.

कोणी आलं नाही. आज दुपारी साहेबांनी दारातून डोकं आत घातलं.

"कोणी रडलं का?"

"नाही साहेब."

"मग पुसा आज. मढं घरात किती ठेवणार?"

तिनं पुसायचं पान उघडलं. शेजारी नणंद खुर्चीत रेलून आळस देत होती.

"कालपासून कसं निवांत आहे गं. नाहीतर तो खोकलेबुवा. जेवण झालं की बटण दाबणार, दोनदा खोकणार आणि विचारणार, तुम्ही काय जेवलात. काल नाही, आज नाही. खपला की काय म्हातारा."

भावजयीचा हात जागच्या जागी थांबला.

"वन्सं, त्यांचं बटण जुनं की नवं?"

"अगदी पहिल्या खेपेचं. त्याच्याइतकंच थकलेलं. का गं?"

नव्या बटणांचे फोन येत होते, गप्प पडली होती ती पहिल्या खेपेची. बोंबलत यायचं ज्यांनी, त्यांची बोंब त्याच सर्व्हरवरून येत होती. माणसाचं तोंड दाबून धरायचं आणि वर म्हणायचं, कोणी ओरडलं नाही बुवा.

तिनं सर्व्हर चालू केला. उठला तो, पण एक हाक येईना. भाड्याचा सर्व्हर बंद केला की त्याचा पत्ता मालक काढून घेतो आणि दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. हा उठला नव्या पत्त्यावर. जुनी बटणं बिचारी जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिली, आणि तिथं आता कोण परकं बसलं होतं देव जाणे. तिनं मालकाकडे पत्ता परत मागितला. गेला तो गेला, असं उत्तर आलं.

पुसलं नव्हतं, म्हणून आत घरांचे फोन तरी सापडले.

"वन्सं, माझ्या हातून कोणी गेलं असेल तर?"

"रड मागाहून. मी येईन सोबतीला. आधी अर्धे नंबर इकडे टाक."

खोकलेबुवा पहिल्या झटक्यात सापडले. "काल जेवल्यापासून दाबतोय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावलेच आहे," नणंद म्हणाली. त्यांच्या नंबरापुढे तिनं खूण केली. "ठेवा आता, मला कामं आहेत."

भावजयीच्या वाटणीतल्या एका बाईंचा फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नंबराखाली शेजारणीचा नंबर होता. तिच्याकडे किल्ली होती. शेजारीण फोन कानाला लावूनच जिना चढायला लागली, तिची धाप इथवर ऐकू येत होती.

तेवढ्यात साहेब दारात. "पुसलं का?"

"साहेब, बसा," नणंदेनं वर न बघता सांगितलं. "आणि इथून खालचे नंबर तुम्ही लावा."

साहेब बसले.

पलीकडे कुलूप उघडल्याचा आवाज झाला. मग पावलं आतआत जात राहिली. भावजयीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"न्हाणीच्या दारात पडल्यात," शेजारीण म्हणाली. "श्वास चालू आहे. मी आले म्हणून सांगतेय, तरी बटण सोडत नाहीत. दाबतायत अजून."

भावजयीनं दवाखान्याची गाडी धाडली, पाणी पाजू नका म्हणून बजावलं, आणि पुढचा नंबर लावला.