आईच्या हाताचा पट्टा

डर्वलाचं नशीबच मेलं असलं. कवितावाले म्हणत, ही मूळची चित्रकार. चित्रवाले म्हणत, हिची खरी जागा सिनेमात. आणि सिनेमावाले मान डोलवून सांगत, बाई कवयित्री आहे. उभी हयात तिला सगळ्यांनी असं शेजारच्या दारी पिटाळलं.

आता कुठे डब्लिनच्या एका संस्थेनं तिच्या लघुपटाला होकार दिला होता. विषय एकच, आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या तिच्या माहेरच्या घराची स्वयंपाकघरातली भिंत. आई शेवटी आंधळी झाली, तेव्हा चुलीपासून मागच्या दारापर्यंत ती भिंत चाचपत जायची. तिच्या हातानं तिथं कमरेच्या उंचीवर काळपट पट्टा उमटला होता. डर्वलानं त्यावर कविता लिहिली, चित्र काढलं, पण आईचं ते चालणं काही दोन्हींत येईना. ते सिनेमातच येणार, अशी तिची खात्री होती.

कॅमेऱ्याची बॅग घेऊन ती दारात आली आणि रंगाचा वास नाकात शिरला. भिंत पांढरीफटक. तिचा धाकटा भाऊ फर्गल ब्रश घेऊन शिडीवर उभा. वाडीतल्या एकेका घरी दरवर्षी मिस्सा, म्हणजे फादरची प्रार्थना, होई; यंदा पाळी त्यांची होती. उद्या फादर येणार, सगळी वाडी येणार, मग घर रंगवायचं नाही तर कधी?

डर्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीचंच चित्रीकरण आहे, हे फोनवर सांगितलं होतं ना मी, म्हणून ती ओरडली.

"म्हणून तर आधी हीच भिंत घेतली," फर्गल म्हणाला. "सिनेमात काय कळकट घर दाखवायचं?"

तिनं त्याला ठोंब्या म्हटलं, माझ्या कामाचं वाटोळं केलंस म्हटलं. तो शिडीवरून खाली उतरला.

"तू त्या पट्ट्याची कविता केलीस, चित्र केलंस आणि गेलीस निघून," तो म्हणाला. "मी रोज त्याच्यासमोर बसून चहा पितो, डर्वला. एकटा."

चूल विझत आली होती. सरपण आणायला फर्गल मागच्या दाराकडे निघाला, आणि जाता जाता, रोजच्या सवयीनं, त्याचा तळवा भिंतीवरून फिरत गेला. ओल्या रंगात थेट दारापर्यंत पट्टा उमटला. त्याच उंचीवर.

"थांब, हात लावू नकोस तिथं," म्हणत डर्वला बॅगेवर तुटून पडली. नेमकी चेन अडकली. ओढाताण करून तिनं कॅमेरा बाहेर काढला, तोवर फर्गलनं जीभ चावत त्यावरून ब्रश फिरवला होता.

"घे," तो म्हणाला, "झालं सारखं."