सव्वापाच फुटांचा पलंग

मी एक पलंग बोलतोय. पलंग म्हटलं की तुम्हाला झोप आठवते, आराम आठवतो. माझ्यावर मात्र आजवर एकही माणूस धड झोपलेला नाही, आणि का झोपला नाही हे सांगायचं म्हटलं तरी माझं डोकं तापतं. तेव्हा आवाज थोडा चढला तर सांभाळून घ्या.

मला घडवणारा सुतार चांगला होता. माप ऐकून त्याने विचारलं, "मुलांच्या खोलीसाठी का?"

"नाही हो, नवराबायकोच्या," बिल्डरचा माणूस म्हणाला. "यावर झोपायचं नाहीये. हा नुसता बघायचा आहे."

सव्वापाच फुटांवर सुताराने करवत फिरवली. माझी रुंदीही कमी, उंचीही कमी. सोबतीला तसंच खुजं टेबल आणि अरुंद कपाट. इमारत उभी राहण्याआधी गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुन्याचा फ्लॅट सजवतात, त्यात आम्हाला मांडलं. सामान लहान केलं की खोली आपोआप मोठी दिसते. एवढीच ती सगळी हुशारी.

रोज कुटुंबं यायची. बायका दारातूनच म्हणायच्या, "अहो, पलंग ठेवूनसुद्धा किती जागा उरतेय बघा." नवरे माना डोलवायचे. एखादं पोर माझ्याकडे धावलं की विक्रीवाला लगबगीने आडवा यायचा. "बाळा, बसायचं नाही हं, गादी नवीन आहे." माणसं भाजी दाबून घेतात, चप्पल चार पावलं चालून बघतात, आणि जन्माची कमाई ज्यात ओतायची त्या घरात हात मागे बांधून फिरतात. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटायचं.

सगळे फ्लॅट विकले गेले, नमुना मोडला. वाटलं, सुटलो. पण बिल्डरने मला विद्यापीठातल्या रिअल इस्टेट क्लबला भेट म्हणून दिलं. माझ्याशेजारी उभं राहून फोटोसुद्धा काढला.

घरं बांधण्याच्या, विकण्याच्या धंद्यात नोकरी करू पाहणाऱ्या मुलामुलींचा हा क्लब. एका जुन्या प्रयोगशाळेत त्यांच्या बैठका व्हायच्या. कोपऱ्यात अजून सिंक होतं आणि नळ गळत असायचा. सुरुवातीला मी खूश होतो. जमिनीची किंमत कशी ठरते, घराचे कागद कसे तपासायचे, कर्ज कुणाला मिळतं, यावर पोरं तावातावाने भांडायची. म्हटलं, ही शिकलेली मुलं आहेत, ही तरी माझ्याकडे नीट बघतील.

त्यांनी बघितलं. एके दिवशी क्लबच्या मार्गदर्शक सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हा धडा पुस्तकात नाही. लिहून घ्या. वस्तू लहान, खोली महान." सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. माझं व्यंग वहीत गेलं आणि त्याची विद्या झाली. मग पडदे लावून, भिंतीवर खिडकीचं चित्र चिकटवून माझ्याभोवती सरावाची बेडरूम उभी राहिली.

त्यात सगळ्यांत तयार झाली ती शिडी. पोरगी उंच, म्हणून क्लबने ठेवलेलं नाव. वडील बस चालवायचे. नोकरी मिळाली की भाड्याची खोली सोडायची, हा तिचा ध्यास. बोलायची इतकं गोड की मलाच क्षणभर मी ऐसपैस आहे असं वाटायचं.

वर्षअखेरीला स्पर्धा झाली. ही खोली गिऱ्हाइकाला विकून दाखवायची. परीक्षक बिल्डरचे विक्रीप्रमुख, आणि जिंकणाऱ्याला त्यांच्याच कंपनीत नोकरी. गिऱ्हाईक म्हणून प्रत्येकाने घरचं माणूस आणायचं होतं. शिडीचे वडील ड्यूटीवरून तसेच गणवेशात आले.

"बाबा, असं समजा की हे तुमचंच घर आहे," ती म्हणाली.

त्या भल्या माणसाने ते खरंच मानलं. बूट काढून बाजूला ठेवले आणि माझ्यावर आडवा झाला. इतक्या वर्षांत पहिला माणूस. त्याचे पाय पोटरीपासून बाहेर. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

"काका, अंथरूण पाहून पाय पसरावेत," क्लबचा अध्यक्ष म्हणाला, आणि सगळे हसले. विक्रीप्रमुखही हसले. म्हण खरी आहे हो. पण अंथरूणच कुणी मुद्दाम कापून ठेवलं असेल तर माणसाने पाय कुठे न्यावेत?

त्याने उशीवरून मान उचलून विचारलं, "हा पलंग लहान आहे का गं?"

हसणं थांबलं. विक्रीप्रमुखांनी पेन उचललं. तिला माझं माप पाठ होतं. मी मनात म्हणत होतो, सांग पोरी, हो म्हण.

"नाही बाबा," ती हसून म्हणाली, "तुम्हीच उंच आहात."

टाळ्या पडल्या. तो घाईघाईने उठला, चादर सारखी केली आणि विक्रीप्रमुखांना म्हणाला, "माझंच चुकलं साहेब. मला कुठलीच गोष्ट पुरत नाही." नोकरी तिला मिळाली. मी लाकडाचा नसतो तर त्या दिवशी ओरडलो असतो.

वर्षभराने ती पाहुणी म्हणून क्लबात आली. नव्या मुलांना तिने तोच किस्सा सांगितला. गिऱ्हाइकाची शंका त्याच्याच गळ्यात कशी घालायची, त्याचा नमुना म्हणून. पोरं खो खो हसली. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मग काकांनी घर घेतलं का?"

"घेतायत ना, आमच्याच नव्या स्कीममध्ये. उद्या सही आहे."

"नमुना बघितला त्यांनी?"

"बघितला. पण आत नाही गेले. दारातूनच बघून म्हणाले, माझ्यामुळे तुझं पुन्हा हसं नको..."

ती तिथेच थांबली. स्वतःचं बोलणं तिने बहुधा तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. ती माझ्यावर बसली आणि सगळ्यांसमोर फोन लावला.

"बाबा, उद्या सही करू नका. आधी टेप नेऊन खोल्या मोजा. तिथलं सामान लहान आहे. इथलाही पलंग लहानच होता."

सर खाकरले. "अगं, नोकरी जाईल तुझी. हे असं बोलायचं नसतं."

फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तो म्हणाला, "बरं. माझी गाडी सुटायची वेळ झाली," आणि फोन ठेवला. ती फोन हातात धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाहेर काढलं. आता मी व्हरांड्यात उभा आहे, भंगारवाल्याची वाट बघत. मोडीत जायचं मला दुःख नाही. पण माझी भावंडं अजून कुठल्या कुठल्या नमुन्यात नटून बसली आहेत, त्यांच्यासाठी एवढं ऐका. घर बघायला जाल तेव्हा बूट काढा आणि सरळ आडवे व्हा. विक्रीवाला ओरडेल, त्याला ओरडू दे. आणि पाय बाहेर आले, तर लाजायचं तुम्ही नाही.