मधला दर

"अर्धा तास म्हणजे नेमका कुठला?" तिनं विचारलं. "इंजिन सुरू झाल्यापासून मोजता, की चाकं जमिनीवरून सुटल्यापासून?"

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला होता. डाव्या हातात गुलाबी मेणात रोवलेले सहा दात, उजव्या हातात बारीक सुरी. पलीकडचा तरुण आवाज अडखळला.

"इंजिन सुरू झाल्यापासून, मॅडम."

"म्हणजे हवेत किती?"

"वीस... बावीस मिनिटं."

सुरी खाली ठेवून तिनं कागदावर आकडा मांडला. मग इंधन त्यातच धरलंय का, शिकवणाऱ्याचे पैसे वेगळे का, हवा बिघडली तर पैसे परत मिळतात की नुसती दुसरी तारीख, हे सगळं विचारून घेतलं. विमान किती वर्षांचं आहे, या प्रश्नाला तो तरुण "विचारून कळवतो" म्हणाला. त्याचा फोन पुन्हा आला नाही.

तीन जागांची नावं लेकीनं लिहून दिली होती. पंधरा दिवसांनी तिला अठरा पूर्ण होत होती, आणि वाढदिवसाला तिला फक्त विमान चालवण्याचा पहिला धडा हवा होता. एकच. कागद जेवणाच्या टेबलावर सरकवून ती म्हणाली होती, "तूच निवड, आई. परवडतील असेच शोधलेत मी."

नवऱ्यानं ताटातून मान वर केली नव्हती. तिनं कागदाची घडी घातली होती आणि "बघू" म्हटलं होतं.

बारा वर्षांपूर्वी असेच तीन दर तिच्यासमोर आले होते. आणणारा होता तिचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, आई सतत आजारी, त्यामुळे नऊ वर्षांनी मोठी असलेली ही बहीणच त्याची आई आणि बापही झाली होती. दातांच्या कवळ्या बनवून तिनं त्याला वाढवलं, शिकवलं, आणि वैमानिक व्हायचं म्हणाला तेव्हा त्यासाठीही पैसे साठवले. तो कागद घेऊन आला त्या दिवशी आई इस्पितळात होती. ही दारात उभी राहून आईच्या कपड्यांची पिशवी भरत होती. पाच मिनिटंसुद्धा तिनं दिली नाहीत. सगळ्यात लहान आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे घे. बाकीचे काय विमानाला सोन्याचे पंख लावतात?"

तो हसला होता. जरा जास्तच हसला होता.

एकट्यानं उडायची परवानगी मिळाल्यानंतरच्या तिसऱ्या फेरीत धरणापलीकडच्या टेकड्यांवर ढग उतरले. बावीस वर्षांचा होता तो. चौकशीचा अहवाल अकरा पानांचा होता. विमानात दोष नाही, देखभालीत हयगय नाही, हवा अचानक पालटली, असं त्यात चार ठिकाणी लिहिलं होतं. तिनं तो इतक्यांदा वाचला की पानं कडांना मऊ पडली, आणि दर वेळी तिला त्यात स्वतःचंच ते वाक्य सापडत गेलं.

तेव्हापासून त्या घरात स्वस्त वस्तू आली नाही. छत्री, कुलूप, लेकीची सायकल, सगळं वरच्या किमतीचं. नवरा सुरुवातीला थट्टा करायचा, "आपल्याकडे झाडूलासुद्धा गॅरंटी असते." एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर त्यानं ती थट्टा सोडून दिली. त्याला ठाऊक नव्हतं ते असं, की दुकानात तिचा हात कमी किमतीच्या वस्तूकडे नुसता वळला, तरी तिच्या कानामागे कुणीतरी हसायचं. हुबेहूब तेच हसू. ती मागे वळून बघायची. मागे एखादी बाई बिस्किटांचे पुडे लावत असायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लोक औषध देतील आणि मग तो यायचा बंद होईल, ही भीती होती.

लेकीच्या यादीतलं दुसरं नाव तिनं एका नजरेत ओळखलं होतं. तीच जागा. तेव्हा सगळ्यात स्वस्त होती, आता मधली झाली होती. भाव वाढवले असतील. माणूस गेलं म्हणून कुणाचा धंदा थोडाच थांबतो.

बुधवारी तिनं कामावरून सुट्टी घेतली आणि घरी काही न सांगता तिथे गेली.

बैठं ऑफिस, त्याला लागून पत्र्याचं उंच छप्पर, त्याखाली तीन लहान विमानं. एका फळ्यावर वाऱ्याची दिशा खडूनं लिहिलेली. भरायच्या कागदावर नाव, वय, वजन, आणि शेवटी एक ओळ: काही झाल्यास कुणाला कळवावे. त्याच ओळीवर त्यानं हिचा नंबर लिहिला असणार. म्हणूनच तर फोन थेट तिच्या कामाच्या टेबलावर वाजला होता. तिनं नवऱ्याचा नंबर घातला. एक आकडा चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला.

शिकवायला आलेली बाई साठीच्या आसपासची होती. केस बारीक कापलेले, चाल सावकाश. तिनं कागद वाचला, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"पहिल्यांदाच?"

"हो."

"भीती वाटते?"

"हो."

"बरं आहे. ज्यांना वाटत नाही त्यांना मी जास्त वेळ जमिनीवर ठेवते."

विमानाभोवती त्या दोघी फिरल्या. बाई प्रत्येक गोष्टीला हात लावायला सांगत होती. चाकाला, बिजागरीला, पंखांच्या कडेला. "डोळे फसतात. हात सहसा फसत नाही." हिला ते सांगायची गरज नव्हती. दाताची कड जिभेला टोचेल की नाही, हे ती वीस वर्षं अंगठ्यानंच ओळखत आली होती. नाकावरच्या थांबलेल्या पंख्याच्या पात्यावरून तिनं अंगठा फिरवला आणि एका जागी थांबली.

"इथे काहीतरी आहे."

बाईनं चष्मा लावला, तिथेच बोट टेकवलं. "आहे खरा ओरखडा. केसाएवढा. एवढा चालतो, पण तुम्हाला सापडला." तिनं मेकॅनिकला हाक मारली. त्यानं बॅटरी धरून पाहिलं, काहीतरी मोजलं, बारीक कानस फिरवली, पुन्हा मोजलं आणि वहीत सही केली. यात चांगली वीस मिनिटं गेली. कुणी घाई केली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही.

ती बाजूला उभी राहून बघत होती. खोट शोधायलाच तर ती आली होती, आणि ती सापडल्याबरोबर या लोकांनी काम थांबवलं होतं. यानं तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिनं त्याच जागेवरून पुन्हा अंगठा फिरवून पाहिला.

विमान धावपट्टीवरून सुटलं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. घरं खाली गेली, रस्ते सरळ झाले, धरणाचं पाणी ताटलीसारखं कलंडलं. कानांवरच्या हेडफोनमध्ये बाईचा आवाज शांत होता.

"आता तुम्ही धरा."

तिनं समोरचा दांडा मुठीत आवळला. विमान लगेच नाक खाली-वर करू लागलं.

"मूठ सोडा. दोन बोटांत, लिहायला पेन धरता तसं."

तिनं तो सुरीसारखा धरला. विमान थाऱ्यावर आलं. तिच्या बोटांच्या जराशा दाबानं सगळं क्षितिज हललं, दाब काढला की पुन्हा जागेवर आलं. त्याला हे मिळालं होतं तर. यासाठीच तो रात्री जेवताना हात आडवे करून चमचे उडवायचा.

ती त्याची वाट बघत होती. इथे तरी तो यायला हवा होता. कानामागे, मागच्या रिकाम्या सीटवर, कुठेही. इंजिनाच्या घरघरीशिवाय काही नव्हतं.

पलीकडे टेकड्या दिसत होत्या. उन्हात स्वच्छ, बुटक्या, कुणालाही इजा न करणाऱ्या.

"तिकडे जायचंय का?" बाईनं विचारलं.

पहिल्या धड्यात कुणाला असं विचारत नसावेत. तिनं मान हलवली, नको. मग थोड्या वेळानं म्हणाली, "जाऊ या."

बाईनं सावकाश वळण घेतलं. टेकड्यांवरून त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. खाली झुडपं होती, एक पायवाट होती, दोन गुरं चरत होती. त्या फेरीत हिला कळलं की शेजारी बसलेल्या बाईला आपण कोण ते ठाऊक आहे.

उतरल्यावर त्या छपराखालच्या बाकावर बसल्या. तापलेलं इंजिन टिकटिक करत निवत होतं.

"त्या दिवसांत मी तुमच्या घरी आले होते," बाई म्हणाली. "दाराजवळ बसले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत."

"मी कुणाकडेच पाहिलं नव्हतं."

"त्या दिवशी सकाळी त्याला एकट्याला सोडायची सही माझी होती. अजूनही कुणी एकटं वर गेलं की चाकं टेकेपर्यंत मला बसवत नाही."

मग ती म्हणाली, "तुमची जागा मी निवडली होती. तीन दर होते. तुम्ही सगळ्यात स्वस्त, म्हणून."

बाईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"आम्ही कधीच सगळ्यात स्वस्त नव्हतो."

"मी कागद पाहिलाय. तुमचा शिक्का होता त्यावर."

"हो, शिक्का माझाच. तो त्यानं मागून घेतला होता." बाईनं गुडघ्यावरचे हात उलटे करून पाहिले. "आमचा दर तेव्हाही मधलाच होता. आमच्याहून स्वस्त एक जागा होती, आता बंद पडली. तिथे तो जाऊन आला होता. विमानाचं दार सुतळीनं बांधलेलं पाहिलं आणि परत फिरला. मग इथे चार दिवस नुसता बसून आम्ही कसं शिकवतो ते बघत होता. पाचव्या दिवशी मला म्हणाला, ताई पैसे देणार आहे, ती सगळ्यात लहान आकड्यावर बोट ठेवणार. तो लहान आकडा तुमच्या कागदावर असू दे, वरचा फरक मी फेडीन."

"कसा फेडणार होता?"

"विमानं धुवून. दर रविवारी, आठ महिने. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, ताईला वाटू दे तिनं निवडलं, नाहीतर ती आणखी एक काम धरेल."

रविवारी तो घरी यायचा तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या असायच्या. ती विचारायची, तर म्हणायचा, ढगातून आलो. आणि ती त्याला टॉवेल फेकून मारायची.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर मी अंग झटकतेय असं वाटलं असतं. नंतर म्हटलं, तुम्ही विचारायला याल. मग नुसती वाट बघायची सवय लागली." बाई थांबली. "त्यानं मला निवडलं होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही."

ती उठून विमानापाशी गेली आणि पंखावर तळहात टेकवून उभी राहिली. पत्रा उन्हानं गरम होता. बारा वर्षं तिनं एक ओझं उराशी धरलं होतं, आणि ते तिचं नव्हतंच. ते उतरलं तर हलकं वाटायला हवं होतं. तिला फक्त हात रिकामे झाल्यासारखे वाटले. त्या पाच मिनिटांच्या चुकीपाशी ती रोज जाऊन उभी राहायची आणि तो तिथे भेटायचा. आता त्या जागी कुणी उभंच नव्हतं. होता तो एक चलाख मुलगा, आपल्या बहिणीला गंडवून खूश झालेला, आणि पुढे आलेले ढग.

निघताना तिनं लेकीचं नाव वहीत घातलं, पुढच्या बुधवारच्या पानावर.

घरी लेक टेबलावर पुस्तक पसरून, पाय खुर्चीवर घेऊन बसली होती.

"कुठे होतीस? मी तुझ्या कामावर फोन केला."

"विमानात."

लेकीनं पुस्तक मिटलं. आई थट्टा करत नाही, हे तिला माहीत होतं.

"बुधवारी तुझी वेळ घेतलीय. मधला दर आहे. मी सोबत येईन, पण खालीच थांबेन."

"आई, तुला चालेल? खरंच? म्हणजे, मामाचं..." लेकीनं वाक्य तिथेच सोडलं. या घरात ते नेहमी तिथेच सोडलं जायचं, आणि मग कुणीतरी उठून पाणी आणायला जायचं.

ती गेली नाही.

"तुझ्या मामानं एकदा मला चांगलंच बनवलं होतं," ती म्हणाली.

"मामानं? कसं?"

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. गोष्ट सोपी होती, तीन कागदांची. त्यातलं त्याचं बोलणं त्याच्याच आवाजात सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तो आवाज तिला सापडेना. लेक हनुवटी तळव्यावर ठेवून वाट बघत होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं कान देऊन ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं, आणि मग आपल्याच आवाजात सांगायला सुरुवात केली.