चार मात्रांची जागा

काजल पाटीलला शहादा-तळोदा पट्ट्यात कोणी काजल पाटील म्हणत नाही. 'चार्जरवाली' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिचं 'देरभाऊ, मन्हा चार्जर कोठे?' हे अहिराणी गाणं यूट्यूबवर आलं आणि त्या लग्नसराईत ते वाजल्याशिवाय एकही वरात पुढे सरकली नाही. ज्यांना आयुष्यात कधी ताल सापडला नव्हता असे नवरदेवाचे मामेसुद्धा त्यावर नाचले. काजल त्या गाण्याला नावं ठेवत नसे. ज्याने आपल्याला कळसाडी गावातून स्टेजवर नेलं त्याच्यावरच नाक मुरडायचं, हा कृतघ्नपणा तिला मान्य नव्हता. पण मग 'हेडफोन' आलं, त्यानंतर 'पावर बँक' आलं, आणि एके दिवशी वेणी घालताना 'सिमकार्ड'ची चाल गुणगुणत असल्याचं तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. मोबाईलच्या दुकानात गाण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

गाणी काढायचा तो रिषभ. शहाद्याच्या बाजारात उमेदमल शेठचं साड्यांचं दुकान आहे, त्यांचा हा मुलगा. माणसं मूळची राजस्थानची, पण चार पिढ्या इथे काढलेली. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी. रिषभने दुकानावरच्या गोदामात भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केला तेव्हा अख्खा बाजार हसला होता. काजल तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. "तू गानं गाय, बाकीनं मी देखस," असं तिला म्हणणारा तो एकटाच निघाला, आणि हे ती विसरली नव्हती. म्हणूनच त्याच्याशी भांडण झालं ते जड गेलं. परक्याशी भांडायला काय लागतं?

भांडण झालं नव्या गाण्यावरून. कळसाडीत हळदीच्या वेळी गाणी म्हणायचा मान जमनाबाईंचा. "हयद लावाले कोन उनी वं माय, कोन उनी?" हळद लावायला कोण आली, असा प्रश्न जमनाबाई टाकतात आणि बायका नावं सांगत जातात. शेवंता उनी, मावशी उनी, नंदुरबारनी काकू उनी. आलेल्या प्रत्येकीचं नाव गाण्यात यायलाच हवं. एखादीचं राहिलं तर ती जेवायला बसत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

काजलने यावरून नवं गाणं बांधलं. कीबोर्ड वाजवणाऱ्या नवनीतने त्याला असा ठेका दिला की खुर्चीत बसलेल्याचा पाय आपोआप हलावा. फक्त नावाच्या जागी काजलने काहीच ठेवलं नाही. प्रश्न यायचा, मग चार मात्रा नुसती ढोलकी, मग सगळ्यांचं मिळून "उनी वं माय, उनी". ज्यांच्या घरी लग्न, त्यांनी आपापली नावं घ्यावीत. परक्या घरच्या मावशीचं नाव रेकॉर्डमध्ये ती कुठून आणणार?

"गानं एक नंबर शे," रिषभ म्हणाला. "पन हाई काय? चार मात्रा रिकाम्या? लोके मोबाईलवर अंगठा मारीसन पुढे जातीन."

"रिकाम्या नही शेतस. तठे नाव लेवानं शे."

"मंग आपला दुकाननंच नाव लेऊत ना! 'उमेदमलनी साडी उनी.' बठस का नही बरोबर?"

बसत होतं, हीच तर पंचाईत. अगदी मापात बसत होतं. काजलने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. हे गाणं गाजलं तर उद्या गावोगावच्या बायका मावशीच्या जागी दुकान म्हणतील, आणि शिकवणारी आपण असू.

"जाहिरात वेगळी कर," ती म्हणाली. "मी मनापासून गासू. साडीवर गासू, पिशवीवर गासू. पन ती जागा देवाव नही."

रिषभ चिडला. त्याचीही अडचण खोटी नव्हती. ह्या लग्नसराईत दुकानाचं नाव घरोघर गेलं नाही तर गोदाम पुन्हा साड्यांना लागेल, असं उमेदमल शेठनी त्याला बजावलं होतं. म्हणजे स्टुडिओ गेला, चॅनल गेलं, काजलची पुढची सगळी गाणी गेली. त्याने दुसऱ्या एका मुलीकडून ती ओळ गाऊन घेतली आणि दोन्ही गाणी पेनड्राइव्हवर ठेवली. पुढच्या आठवड्यात त्याची बहीण चांदनी हिची हळद होती. तिथे काजलने आपलं गाणं गावं, असं त्याने ठरवलं. बायकांनी नावं घेतली तर ठीक, नाहीतर दुकानाचं नाव. काजलने मान डोलावली. बायका नावं घेणारच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

हळद सकाळी अकराला, डोंगरगाव रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होती. झेंडूच्या माळा, पिवळ्या साड्या, आणि भिंतीएवढे स्पीकर. उमेदमल शेठ पहिल्या सोफ्यावर बसले होते. त्यांच्या आई धनकंवर, पंचाहत्तरीच्या, चांदनीच्या पाटाशेजारी खुर्ची टाकून हळदीची वाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काजलने सूर लावला. पाय हलू लागले. "कोन उनी वं माय, कोन उनी?"

ढोलकी चार मात्रा वाजली. कोणी काही बोललं नाही. पोरींनी मोबाईल वर धरले होते, त्या चित्रण करत राहिल्या. काजल हसून पुढे गेली. दुसऱ्या वेळी तिने हात उंचावून खूण केली. मागच्या रांगेत कोणीतरी शिंकलं, तेवढंच उत्तर आलं.

आपली चूक काजलला तिथे, स्टेजवर, सगळ्यांदेखत कळली. स्पीकरपुढे माणूस ऐकायला उभा राहतो, म्हणायला नाही. कळसाडीच्या अंगणात जमनाबाई बायकांच्या घोळक्यात बसून गातात. त्यांच्यापुढे कसला आलाय स्पीकर? आपण जागा ठेवली खरी, पण तोंड उघडायची सोय ठेवली नाही.

साउंडच्या टेबलाजवळून रिषभने नवनीतला खूण केली. दुसरं गाणं लाव. नवनीतचा हात लॅपटॉपकडे गेला.

"नवनीतदादा, हात काढ," काजल माईक बाजूला करून म्हणाली. "सगळं बंद कर. ढोलकी तेवढी राहू दे, बारीक."

नवनीतने रिषभकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा पगार रिषभ देत होता. तरी त्याने आवाज उतरवला. काजलने माईक स्टेजवरच ठेवला, चपला काढल्या आणि खाली उतरून थेट बायकांत जाऊन बसली, चांदनीच्या पाटाला लागून. साध्या आवाजात, जेवढा समोरच्या चार बायकांना पोचेल तेवढ्या, तिने पुन्हा विचारलं.

"हयद लावाले कोन उनी वं माय, कोन उनी?"

धनकंवर आजींनी पन्नासहून अधिक वर्षं शहाद्यात काढली होती. शेजारपाजारच्या अंगणातली किती हळद त्यांनी पाहिली असेल! त्यांनी वाटीतून बोट काढलं, कोणाकडेही न पाहता नातीच्या गालाला लावलं आणि त्या चार मात्रांत म्हणाल्या,

"रुचिका उनी."

गाणं तिथेच अडकलं. "उनी वं माय" म्हणायला कोणाचं तोंडच उघडेना. रुचिका म्हणजे आजींची मुलगी, उमेदमल शेठची धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी तिने जातीबाहेरच्या एका शिक्षकाशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. राहायची तळोद्याला, अर्ध्या तासाच्या वाटेवर, पण हळदीचं बोलावणं तिला गेलंच नव्हतं. बाजाराला हे सगळं ठाऊक होतं, काजललाही होतं. पण ढोलकी चालू होती, आणि गाणं सोडायचं नसतं एवढं तिला नक्की माहीत होतं.

"उनी वं माय, उनी," ती एकटीच म्हणाली. "कोन उनी वं माय, कोन उनी?"

"भुआ उनी!" पाटावरची चांदनी हळदीने माखलेल्या तोंडाने जोरात म्हणाली. तिला आत्याच हवी होती, इतके दिवस म्हणायची सोय नव्हती एवढंच.

मग बांध फुटला. मागून कोणीतरी सुरतेच्या मामीचं नाव घेतलं, कोणी आपल्या गेलेल्या सासूचं, कोणी स्वतःचंच. मोबाईल खाली आले. एकीला उत्तर देताना दुसरी रडत होती, तिसरी हसत होती. उमेदमल शेठ सोफ्यावरून उठले आणि कोणाशी न बोलता बाहेर निघून गेले.

गाणं संपल्यावर रिषभने काजलला मागच्या दाराशी गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुले समजस का काय व्हयनं? पप्पा उठीसन गयात. आते गोदाम काय, मन्हंबी नाव काढी टाकतीन."

काजलला त्याची दया आली, आणि स्वतःबद्दल भीतीही वाटली. पुन्हा झेरॉक्सचं दुकान तिला डोळ्यांपुढे दिसलं. पण आत जे ऐकलं होतं ते ऐकून झाल्यावर मागे येणं आता तिच्या हातात नव्हतं.

"रिषभभाऊ, गानं जसं शे तसंच जाई," ती म्हणाली. "नाहीतं मन्हा आवाज काढी टाक. मी कळसाडीना वट्टावर बठसू नि मन्हा मोबाईलवरथीन टाकसू."

तिच्या स्वतःच्या चॅनलला एकशे चौदा माणसं होती, त्यातले निम्मे कळसाडीचे पाटील. रिषभला हे माहीत होतं. तरी तो हसला नाही, कारण ती थट्टा करत नव्हती.

तेवढ्यात उमेदमल शेठ तिथे आले. डोळे लाल होते, आवाज मात्र दुकानातला, रोजचा.

"गानं कवय टाकी ऱ्हायनात?"

"रविवारे, पप्पा," रिषभ घाईघाईने म्हणाला. "दुकाननं नाव त्या जागावर..."

"तठे नको. दुकाननं नाव सुरुवातले टाक, खाले टाक, कोठेबी टाक. तठे मन्ही मायनी नाव लिधं. ती जागा भरेल शे."

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून मुलाच्या हातावर ठेवली.

"तळोदं जाय. भुआले सांग, हयद चालू शे. मी उनू तं ती येवाव नही, तू जाय."

रिषभ किल्ली घेऊन पळतच सुटला. शेठ काजलकडे वळले.

"बेटा," ते म्हणाले, "तो परत येस तवलोंग बंद करू नको."

जाऊन-येऊन तासभर तरी लागणार होता. नऊ वर्षांनी आलेल्या निरोपावर रुचिका गाडीत बसेल की दार लावून घेईल, हे तिथे कोणालाच सांगता आलं नसतं. काजलने ओढणी कमरेला गच्च बांधली, दोन घोट पाणी पिऊन आत गेली आणि बायकांत आपल्या जागी बसली. नवनीतला तिने मानेनेच सांगितलं, पहिल्यापासून. तिने प्रश्न टाकला, आणि मग पूर्ण चार मात्रा, दाराकडे बघत, गप्प राहिली.